भोंगा आणि गुणवत्ता यादी

'भोंगा' म्हटले की जुन्या मुंबईकराला गिरणी आठवते. पहाटे तो वाजला की गिरणगाव जागे होई. पुढे गिरण्या थंडावल्या आणि ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यालाही लोक भोंगाच म्हणू लागले. परंतु वसई आणि भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर ह्या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे. भट्टीवर कामाला आलेले आदिवासी कुटुंब कच्च्या विटा एकावर एक रचते, वर गवतापेंढ्याचे छप्पर घालते आणि त्या ठेंगण्या खोपटात सहा-सात महिने काढते. त्या खोपटालाही भोंगाच म्हणतात. वाकल्याशिवाय त्यात शिरता येत नाही, आणि हंगाम संपला की ते ज्या विटांचे असते त्या विटाही विकल्या जातात.

शब्दाचे हे दोन अर्थ, खोपट आणि कर्णा, जव्हार-मोखाड्याच्या मुलांच्या शिक्षणात पंचवीस वर्षांच्या अंतराने येऊन गेले. त्यांची हकीकत सांगताना आणखी एका गोष्टीची हकीकत सांगावी लागते, ती म्हणजे परीक्षेची. आपल्या राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेने गुणवान मूल हुडकून काढण्यासाठी जी चाळणी बनविली, तिचा आणि मोखाड्याच्या पाड्यांचा संबंध कसा आला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ह्या मुलखाविषयी थोडेसे. जव्हारचे संस्थान मुकणे घराण्याचे. महादेव कोळी समाजातील हे घराणे चौदाव्या शतकापासून, परंपरेने १३४३ सालापासून, ह्या डोंगराळ प्रदेशावर राज्य करीत होते. तीनशे दहा चौरस मैलांचे हे छोटेसे संस्थान १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाले. शेजारचा मोखाडा इंग्रजी अमलात शहापूर तालुक्याचा पेटा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात आले. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी येथील वस्ती. २०११च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक होते. नागली, वरई आणि भात ही पिके, जमीन बहुतांशी वरकस, पाऊस धो धो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलाची पायपीट. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण २०१४ साली ह्याच मोखाड्याच्या कुशीत पुरे झाले, हे जाता जाता नोंदवितो.

पावसाचे चार महिने जमीन कुटुंबाला पोसते. भात-नागली घरात आली की काम संपते. दिवाळीच्या आगेमागे भट्टीमालकांचे मुकादम पाड्यावर येतात, उचल दिलेली असतेच, आणि ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि मुले अशी सगळी भरती होऊन पाडे ओस पडतात. शिमग्याला काही जण चार दिवस परततात. खरे परतणे पावसाच्या तोंडाशी. हे वेळापत्रक वाचकांनी ध्यानात ठेवावे. ह्या लेखात त्याची पुन्हा गरज पडणार आहे.

आता चाळणीकडे वळू. १८८२ साली इंग्रज सरकारने हंटर आयोग नेमला, तेव्हा महात्मा फुले ह्यांनी त्या आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. वरच्या वर्गाला शिकवावे, मग त्याच्याकडून विद्या आपोआप खाली झिरपेल, ह्या तत्कालीन सिद्धांतावर त्यांनी त्यात हल्ला चढविला. सरकारी तिजोरीतील पैसा रयतेच्या घामाचा, मग त्या पैशातून शिकणारे कोण, हा त्यांचा सवाल होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी केली. एवढे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयी एक मुद्दा आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. स्पर्धा घेऊन शिष्यवृत्त्या वाटणे हे कागदावर न्याय्य दिसते खरे, पण ज्या जातींत विद्येचा अद्याप प्रवेशच झालेला नाही त्यांच्यात ती पसरविण्याच्या कामी ही पद्धत निरुपयोगी आहे; म्हणून शिष्यवृत्त्यांचा काही वाटा अशा वर्गांसाठी वेगळा काढावा, असे त्यांचे म्हणणे होते. 'गुणवत्ता' हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो त्या अर्थाने तो रूढ होण्यापूर्वी कितीतरी वर्षे फुल्यांनी त्या अर्थातील मेख दाखवून दिली होती.

इंग्रजीत ह्या अर्थाचा शब्द १९५८ सालापासून रूढ झाला. मायकेल यंग ह्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने एक उपहासात्मक पुस्तक लिहिले. बुद्धी अधिक परिश्रम म्हणजे गुणवत्ता, आणि त्या मापाने समाजाची उतरंड रचणारी राजवट म्हणजे 'मेरिटॉक्रसी'. अशी राजवट आल्यास यशस्वी माणसे आपले यश सर्वस्वी आपल्याच कर्तबगारीचे मानून उन्मत्त होतील आणि मागे राहिलेल्यांना तोंड लपवायलाही जागा उरणार नाही, असे त्यात भाकीत होते. लोकांनी उपहास बाजूला ठेवून शब्द तेवढा उचलला आणि त्याचे ध्येय केले. २००१ साली, वृद्धापकाळी, यंग ह्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून त्याबद्दल खंत व्यक्त केली. गंमत अशी की घरबसल्या शिक्षण देणाऱ्या मुक्त विद्यापीठाची कल्पना मांडणाऱ्यांत हेच यंग अग्रभागी होते. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ह्या साधनांनी शाळा माणसाच्या दारी न्यावी, हा त्यांचा ध्यास. मोखाड्याचा घाट चढून गेले की नाशिक. तेथे १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ त्याच कल्पनेच्या कुळातले.

म्हणजे दोन वाटा होत्या. एका वाटेवर मूल परीक्षेला चालत येते, आणि दुसरीवर शाळा मुलाकडे चालत जाते. ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात दुसरी वाट आधी सुरू झाली, हे आपल्या जिल्ह्याचे भूषण मानावयास हरकत नाही.

१९४५ हे साल ह्या भागात दोन कारणांनी स्मरणीय आहे. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडीची गुलामगिरी झुगारली ती ह्याच वर्षी. आणि ह्याच वर्षी ताराबाई मोडक ह्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षेचे काम मांडले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे त्यांना जी अडचण आली ती साधी होती. पाच-सहा वर्षांची पोरे शाळेत येत नसत, कारण ती गुरे राखीत, आणि पाठची भावंडे सांभाळीत. ह्यावर ताराबाईंनी पालकांना व्याख्याने दिली नाहीत. भावंडे कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींसाठी शाळेलाच पाळणाघर जोडले, आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत आहेत, झाडाखाली धडा चालू आहे आणि एखादे वासरू भरकटले की विद्यार्थी उठून त्याला वळवून आणतो आहे, अशा शाळेत हजेरीपटाचा अर्थच बदलून जातो. कोणते मूल हुशार, हा प्रश्न ह्या बायांनी कधी पहिला विचारला नाही. मूल आत्ता कुठे आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न असे.

स्वतंत्र भारताच्या शिक्षणधोरणालाही हा प्रश्न अगदीच अपरिचित नव्हता. १९६४ ते ६६ ह्या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी. श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल एकाच परिसरशाळेत शिकावे, अशी ह्या आयोगाची शिफारस. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणाचा हाती न लागणारा त्रिकोण आहे, असे नाईकांनी १९७५ साली एका पुस्तकाच्या मथळ्यातच म्हटले. महाराष्ट्र शासनाने १९७२-७३च्या सुमारास आश्रमशाळांची योजना व्यापक केली. आज राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि जवळजवळ तितक्याच अनुदानित आश्रमशाळा आहेत. जव्हार-मोखाड्यात आईबाप भट्टीवर गेले तरी मूल गावाजवळ राहते ते मुख्यतः ह्यांच्यामुळे. त्यांच्या दोषांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. दोन वेळच्या जेवणामुळे त्यांनी किती मुले टिकवली, ह्यावर कमी लिहिले गेले.

तिकडे शहरांत, आणि आपल्या वसईतही, ह्याच काळात गुणवत्ता यादीचे युग ऐन भरात होते. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती, मग शालान्त परीक्षेत 'बोर्डात येणे'. जूनमधल्या त्या सकाळी वर्तमानपत्रात पेढा भरवणाऱ्या आईचे छायाचित्र असे, आणि घराघरांत त्याची तुलना होई. आमच्या घरीही झाली. यादीत पहिला कोण, ह्याची चर्चा आठवडाभर चाले; यादीत कोणत्या तालुक्याचे नाव कधीच नसते, ह्याची चर्चा झाल्याचे मला स्मरत नाही. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने ही यादी बंद केली. सवय मात्र गेली नाही. टक्क्यांची जागा पर्सेंटाइलने घेतली इतकेच.

१९८५-८६ साली राष्ट्रीय चाळणी अधिक हेतुपूर्वक बनविण्यात आली. राजीव गांधींच्या सरकारने ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी, निःशुल्क, उत्तम शाळा काढण्याचे ठरविले. पहिल्या दोन शाळा प्रयोगादाखल निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ह्या शाळांना इतरांना वाट दाखविणाऱ्या शाळांचे स्थान मिळाले. चांगल्या शाळेचा वेग पाहून आसपासच्या शाळाही वेग घेतील, ही अपेक्षा. फुल्यांनी ज्या झिरपण्याची टर उडविली तिचेच हे नवे रूप, असे मला वाटते. त्या वेळचे मनुष्यबळ विकासमंत्री पी. व्ही. नरसिंह राव मराठी उत्तम जाणत. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांनीच तेलुगूत नेली होती. मथळ्याचा योगायोग म्हणून सोडून देऊ.

नवोदय विद्यालयांविषयी पूर्वग्रह ठेवून लिहिणे अन्यायाचे होईल. आज देशात साडेसहाशेहून अधिक नवोदय विद्यालये आहेत. पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, एकतृतीयांश मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा. परीक्षा मराठीतून देता येते. शंभर गुणांपैकी पन्नास गुण आकृत्यांच्या प्रश्नांना, म्हणजे भाषेच्या अडसराने खेड्यातले मूल मागे पडू नये, हा विचारही त्यामागे आहे. मजुरांची, शेतकऱ्यांची मुले ह्या शाळांतून डॉक्टर, अभियंते झाली आहेत. आपल्या जिल्ह्याचे नवोदय पालघर तालुक्यात माहीमला, समुद्रकाठी आहे.

आता त्या परीक्षेचे नियम आणि पाड्याचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पाचवीत शिकणाऱ्या मुलालाच परीक्षेला बसता येते, आणि तेही आयुष्यात एकदाच. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण सत्रभर शिकलेले असावे लागते. परीक्षा बहुधा हिवाळ्यात वा उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. २०२० साली ती ११ जानेवारीला होती, २०२५ साली १८ जानेवारीला. शिष्यवृत्ती परीक्षेचा नेहमीचा महिना फेब्रुवारी, शालान्त परीक्षेचा मार्च. जानेवारी ते मार्च ह्या काळात मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवरची मुले वसई-भिवंडीच्या भट्ट्यांवर असतात. तेथे दहा वर्षांचे मूल ओल्या विटा उन्हात उलटून ठेवते, धाकट्याला झोका देते. विटा हजारावर मोजल्या जातात, तेव्हा घरातला प्रत्येक हात हिशेबात असतो. प्रश्नपत्रिका कितीही निःपक्षपाती असो, ती ज्या दिवशी वाटली जाते त्या दिवशी हे मूल त्या गावात नसते. दिल्लीत बसून ही परीक्षा आखणाऱ्यांच्या मनात कपट होते, असे मला मुळीच वाटत नाही. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि मार्च-एप्रिलमध्ये संपते, हे त्यांना निसर्गनियमाइतके उघड वाटले असणार.

ह्याच्याही मागे जाता येते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. उपासमार आणि कुपोषण हे शब्द तेव्हा प्रथमच मुंबईच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ह्या भागाच्या नावासोबत आले. त्या सुमारास जन्मलेली आणि जगलेली मुले २००३च्या आसपास पाचवीत आली असतील. पहिल्या दोन वर्षांच्या उपासाचा परिणाम दहाव्या वर्षीच्या आकृत्यांच्या प्रश्नांवर होतो की नाही, हे वैद्यांना विचारावे. यंगच्या समीकरणात बुद्धी आहे आणि परिश्रम आहेत, पेज नाही.

भट्टीवरच्या मुलांचा प्रश्न ज्यांनी प्रथम डोळसपणे हाती घेतला, ते आपल्या वसईचेच. विवेक आणि विद्युल्लता पंडित ह्यांची विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना वेठबिगारांच्या मुक्तीसाठी कामाला लागली होती. १९७६च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली असली तरी ती जिवंत होती. १९९०च्या दशकाच्या मध्यास विधायक संसदेने भट्ट्यांवरच शाळा उघडल्या. विटांचेच एक खोपट, आत फळा, एक तरुण शिक्षक आणि सकाळी भट्टीचे काम करून आलेली, हातापायांना मातीचे पोपडे धरलेली मुले. लोकांनी तिला नाव दिले भोंगाशाळा. कुरणशाळेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी पुन्हा एकदा शाळा उठून मुलाकडे गेली. ह्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी त्या भट्ट्या रोज पाहिलेल्या आहेत. आपली घरे, शाळांचे नवे मजले, सभागृहे ज्या विटांनी उभी राहिली त्या विटा थापणारी मुले मोखाड्याच्या कोणत्या पाड्यावरून येतात आणि तेथे त्यांच्या नावावर शाळा आहे की नाही, हे विचारण्याची बुद्धी मला तरी लहानपणी झाली नव्हती.

तंत्रज्ञानाचे पर्व ह्यानंतर आले असे समजणे चुकीचे होईल. ते आधीच सुरू झाले होते. प्राथमिक शाळांसाठी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम करणारी 'बालचित्रवाणी' पुण्यात १९८४ साली निघाली. पाड्यावर वीज नसेल तर सकाळचा कार्यक्रम कितीही सुरस असून काय उपयोग? २०१७ साली ती संस्था बंद करण्यात आली. संगणक मात्र वेगळ्या दाराने शिरला. शिकविण्यापेक्षा मोजण्याच्या कामी तो अधिक उपयोगी पडला. २०१५ पासून राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद 'सरल' ह्या संगणकीय प्रणालीत होऊ लागली. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही त्याच सुमारास निघाले. जेथे जाल तेथल्या शाळेत दाखवा आणि बसा, अशी सोय. कल्पना चांगली. पण २०१७च्या अखेरीस दहापेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत 'समायोजित' करण्याचा निर्णय जाहीर झाला, तोही अशाच आकड्यांच्या बळावर. नकाशावर जवळ दिसणारी शाळा आणि पावसाळ्यात मधला ओढा ओलांडून गाठायची शाळा ह्यांतला फरक त्या रकान्यांत मावत नाही. पाठोपाठ प्रवेशपरीक्षांचे अर्जही संगणकावर गेले. पूर्वी नवोदयाचा कागदी अर्ज गुरुजी स्वतः भरून घेत आणि पाठवीत. आता त्यासाठी रेंज असलेली टेकडी शोधावी लागते.

मार्च २०२०मध्ये कोरोनाची साथ आली आणि शाळा बंद झाल्या. शासनाने, खाजगी शाळांनी, साऱ्यांनीच मोबाइलवरून शिक्षण चालू असल्याचे सांगितले. मोखाड्यात अनेक घरी स्मार्टफोन नव्हता, आणि होता तेथे सिग्नल नव्हता. त्या वर्षीच्या पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर एक जुनाच आवाज ऐकू येऊ लागला. दिगंत स्वराज फाउंडेशन ह्या संस्थेने धडे ध्वनिमुद्रित केले आणि तिचे स्वयंसेवक कर्णा घेऊन पाड्यापाड्यांवर जाऊ लागले. डांडवळसारख्या गावांत मोकळ्या जागेत अंतर राखून मुले बसली आहेत आणि कर्ण्यातून इंग्रजी शब्द, पाढे, गोष्टी ऐकू येत आहेत, अशी छायाचित्रे तेव्हा परदेशी वृत्तसंस्थांनीही प्रसिद्ध केली. पहिली ते दहावीची सुमारे हजार मुले, सहा गावांत. ह्या उपक्रमाचे नाव 'बोलकी शाळा'. पन्नास वर्षांच्या उपग्रह-दूरचित्रवाणी-संगणक ह्या प्रवासानंतर जे यंत्र पाड्यापर्यंत पोचले ते भोंगा, आणि तेही कोणीतरी खांद्यावरून वाहून नेले म्हणून. त्या कर्ण्याला प्रश्न विचारता येत नाही, हा दोष होताच. शिक्षकाची उणीव तो भरून काढतो, असा कोणाचा दावाही नव्हता.

त्याच साथीने आणखी एक गोष्ट घडवली, तिची नोंद कोणी फारशी घेतली नाही. २०२१ साली नवोदयाची परीक्षा पुढे ढकलत ढकलत ११ ऑगस्टला घ्यावी लागली. ऐन पावसाळा. मोखाड्याची कुटुंबे त्या दिवसांत गावीच असतात. आवणी उरकत आलेली, वरकस जमिनीत नागली उभी, भट्ट्या बंद. परीक्षेचा दिवस आणि पाड्याचे वेळापत्रक त्या वर्षी जुळले. मात्र त्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे पाचवीचे जवळजवळ सारे वर्ष शाळेविनाच गेले होते. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा नियमित भरू लागले ते ४ ऑक्टोबर २०२१ला. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती.